अर्धी जीभ काढल्यावर तिथे हाताचे मांस का लावतात, आणि त्यानंतर माणूस कसा बोलतो-जेवतो

प्रश्न विचारणारे गृहस्थ सोलापूरचेच आहेत. त्यांच्या वडिलांचे वय ५८, सारे आयुष्य यंत्रमागावर गेलेले, आणि तंबाखू-चुन्याची सवय मागाइतकीच जुनी. जिभेच्या डाव्या कडेला तीन महिने न भरणारी जखम होती, तिचा तुकडा तपासल्यावर कर्करोग निघाला. जवळजवळ अर्धी जीभ व मानेतल्या गाठी काढाव्या लागतील आणि मनगटाजवळचे मांस घेऊन ती जागा भरावी लागेल, असे शल्यचिकित्सकांनी सांगितले आहे. मुलाला तीन गोष्टी हव्या आहेत: हे मांस लावणे खरोखर गरजेचे आहे का, हातच का, आणि ते लावल्यावर वडील पूर्वीसारखे बोलतील-जेवतील का. मी बावीस वर्षे तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची पुनर्रचना करतो आहे. सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ, पंढरपूर या भागांतल्या कुटुंबांनी हेच प्रश्न मला बाह्यरुग्ण विभागात रोज विचारले आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण कुटुंबाची झोप त्यानेच उडालेली असते. निम्मी जीभ उरणार असेल, ती नीट हलणार असेल आणि जखम योग्य रीतीने भरली गेली, तर आपले वडील बोलतील आणि त्यांचे बोलणे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कळेल. फोनवरही बहुतेक कळेल, काही अक्षरे मात्र कायमची बदलतील. ते तोंडाने जेवतील, पण जेवायला पूर्वीपेक्षा वेळ लागेल आणि काही पदार्थ मऊ करूनच खावे लागतील. ‘अगदी पूर्वीसारखे’ हे आश्वासन मी कोणालाही देत नाही.

आता ‘मांस लावून जीभ बनवू’ या शब्दांविषयी. हे शब्द आम्ही डॉक्टरच सोपे करून वापरतो आणि त्यातून मोठा गैरसमज होतो. जीभ हा जवळजवळ केवळ स्नायूंचा बनलेला अवयव आहे. तिच्या प्रत्येक बाजूला आठ स्नायू असतात. चार जिभेच्या आतच सुरू होऊन आतच संपतात आणि तिचा आकार बदलतात. उरलेले चार जबडा, कंठाजवळचे हाड, कानाखालचे हाड आणि टाळू यांच्याशी तिला जोडून तिला पुढे-मागे, वर-खाली नेतात. आत हाड नाही, सांधा नाही. एका दिशेचे तंतू आखडले की दुसऱ्या दिशेला जीभ लांबते, एवढ्याच तत्त्वावर ती पातळ होते, टोक वळवते, पन्हळीसारखी होते. असा अवयव शरीरात दुसरीकडे कुठेही नाही. त्यामुळे हातावरून किंवा मांडीवरून आणलेला तुकडा जिभेचे काम स्वतः करत नाही, तो आपणहून हलत नाही आणि त्याला चव कळत नाही. त्याचे काम वेगळे आहे. काढलेल्या भागाची पोकळी त्याने भरावी, उरलेल्या जिभेला खाली किंवा बाजूला ओढून धरू नये, आणि तोंड मिटल्यावर जिभेचा फुगवटा टाळूपर्यंत पोचावा एवढी उंची द्यावी. बोलायचे आणि गिळायचे काम उरलेली निरोगी जीभच करते. म्हणून कुटुंबीय मला कोणता तुकडा लावणार हे विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी जीभ किती उरणार आणि तिला हलवणारी नस (मज्जातंतू) वाचणार का, हे विचारायला सांगतो.

किती काढायचे हे गाठीच्या दिसणाऱ्या आकारावर जितके ठरते, तितकेच ती किती खोल गेली आहे त्यावर ठरते. २ सेंटीमीटरपर्यंतची आणि ५ मिलिमीटरपेक्षा जास्त खोल न गेलेली गाठ पहिल्या पायरीची धरतात. खोली १० मिलिमीटरच्या पुढे गेली की वरून लहान दिसणारी गाठही तिसऱ्या पायरीत जाते. त्यामुळे एमआरआय करून खोली पाहिली जाते आणि बोटांनी जीभ चाचपून कडकपणा कुठवर आहे ते ठरवले जाते. काढताना दिसणाऱ्या व हाताला लागणाऱ्या गाठीच्या भोवती सर्व बाजूंनी, खालच्या बाजूनेसुद्धा, साधारण १ सेंटीमीटर निरोगी भाग घ्यावा लागतो. नातेवाईक पुष्कळदा म्हणतात, ‘डॉक्टर, जखम बोराएवढी आहे, मग अर्धी जीभ कशाला?’ बोराच्या भोवती सगळीकडून एक-एक सेंटीमीटर मोजून पाहिले, की अर्धी जीभ का जाते ते लक्षात येते. बोलणे चांगले राहावे म्हणून ही कड कमी करणे हा रुग्णावर अन्याय आहे. पुनर्रचनेची सोय असल्याचा खरा फायदा हाच, की काढणाऱ्याचा हात आखडता राहत नाही.

मानेतल्या गाठींविषयी आपण विचारलेले नाही, तरी थोडक्यात सांगतो. हाताला गाठ लागत नसली तरी जिभेच्या कर्करोगात मानेतल्या लसीका ग्रंथी बहुतेक वेळा त्याच शस्त्रक्रियेत काढतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या कर्करोगाच्या सुमारे ५०० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथी सुरुवातीलाच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ दिसल्यावर काढू म्हणून थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. जगभरची पद्धत या अभ्यासाने पक्की केली. पुनर्रचनेच्या दृष्टीनेही मान उघडणे सोयीचे असते, कारण नव्या तुकड्याला रक्त देणाऱ्या वाहिन्या तिथेच मिळतात.

आता पहिला प्रश्न. मांस लावणे प्रत्येकाला गरजेचे नसते. जिभेच्या कडेचा लहान भाग, साधारण एक तृतीयांशाहून कमी, काढला असेल तर कडा एकमेकींना शिवता येतात, किंवा जखम तशीच ठेवली तरी ती आपोआप भरून येते. अशा जिभेत बाहेरचा तुकडा घातला तर उलट अडचण होते, कारण हलणाऱ्या जिभेत न हलणारा गोळा बसतो. पण जखम जिभेवरून खाली तोंडाच्या तळापर्यंत उतरली, की हिशेब बदलतो. हे मला एका रुग्णाने शिकवले. सुरुवातीच्या वर्षांत, मी तेव्हा काम करत होतो त्या रुग्णालयात, अक्कलकोटकडच्या एका शेतकऱ्याची जीभ मी तुकडा न लावता सरळ शिवली. जखम मध्यम होती, शिवली गेली, दोन आठवड्यांत सुरेख भरली, आणि मला समाधान वाटले. तीन महिन्यांनी ते आले तेव्हा त्यांची जीभ हिरडीला चिकटून, दाव्याने बांधलेल्या वासरासारखी जागच्या जागी ओढ घेत होती. गालात अडकलेला घास जिभेने काढता येत नव्हता, प्रत्येक जेवणात बोट घालून काढावा लागे. ‘पंगतीत बसायचं सोडलं मी,’ असे ते म्हणाले. पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करून, तिथे नवी त्वचा बसवून जीभ सोडवली, पण पहिल्याच वेळी तुकडा लावला असता तर ते सहा महिने गेले नसते. चूक माझ्या निर्णयाची होती. तेव्हापासून जीभ आणि तोंडाचा तळ दोन्ही उघडे पडले, की मी शिवून मोकळे होण्याच्या मोहात पडत नाही. आपल्या वडिलांची जवळजवळ निम्मी जीभ जाणार आहे, त्यामुळे त्यांना तुकडा लावण्याचा सल्ला मला योग्य वाटतो.

हातच का, याचे कारण त्वचेच्या जातीत आहे. मनगटाच्या वरची, हाताच्या आतल्या बाजूची त्वचा पातळ, लवचीक, जवळजवळ चरबी नसलेली आणि बहुधा कमी केसांची असते. उरलेल्या जिभेवर ती घडी घालून बसते आणि तिच्याबरोबर हलते. चीनमधल्या शल्यचिकित्सकांनी १९८१ साली या पद्धतीचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, म्हणून पुष्कळ वर्षे तिला ‘चायनीज फ्लॅप’ म्हणत (फ्लॅप म्हणजे रक्तवाहिन्यांसह उचललेला तुकडा). अर्ध्या जिभेसाठी आजही बहुतेक ठिकाणी पहिला विचार तिचाच होतो. हाताला रक्त देणाऱ्या दोन मुख्य धमन्यांपैकी अंगठ्याकडची धमनी या त्वचेसोबत उचलली जाते, त्यामुळे करंगळीकडची धमनी एकटी पंजा जगवू शकते का हे आधी पाहावे लागते. ही तपासणी खाटेशेजारी दोन मिनिटांत होते. रुग्णाला मूठ घट्ट आवळायला सांगून मनगटावरच्या दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडायला लावायची, तळहात पांढराफटक दिसतो; मग करंगळीकडचा दाब सोडायचा. पाच-सात सेकंदांत तळहात अंगठ्यापर्यंत लाल झाला, तर तो हात चालतो. शंका असेल तर डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी, करतात.

आपल्याकडून यात एक मदत हवी. जो हात ठरला असेल, बहुधा डावा, त्या हातात दाखल झाल्यापासून सलाईन लावू देऊ नये, रक्तही काढू देऊ नये. आमच्याकडे त्या हातावर पेनने ‘सुई नको’ असे लिहून पट्टी बांधतात. रात्रीच्या गडबडीत एखादी सुई त्या शिरेत गेली आणि शीर सुजली, तर नेमकी हवी असलेली रक्तवाहिनी खराब होते.

शस्त्रक्रिया आठ-दहा तास चालते. शक्य तिथे दोन गट एकाच वेळी काम करतात, एक जीभ आणि मान यांवर, दुसरा हातावर. काढलेल्या भागाचे माप घेऊन तेवढी त्वचा, तिच्या धमनी आणि शिरांसह, हातावर मोकळी करतात, पण धमनी तोडत नाहीत. तोंडात सगळी तयारी झाल्यावरच ती तोडून तुकडा वर नेतात. तोंडात तो बसवला, की त्याची धमनी मानेतल्या धमनीला आणि शीर मानेतल्या शिरेला जोडायची. धमनीची रुंदी २ ते ३ मिलिमीटर, टाक्याचा धागा केसाहून बारीक, आणि काम सूक्ष्मदर्शकाखाली. आपल्या वडिलांना हे समजावायला माझी अडचण होणार नाही, कारण मागावर तुटलेला धागा सांधताना ताण राहिला तर तो पुन्हा तिथेच तुटतो हे त्यांना माझ्याहून चांगले कळते. रक्तवाहिनीचेही तसेच आहे. तिला ताण नको, पीळ नको, आणि आतल्या बाजूला टाक्याचा काठ डोकावायला नको, नाहीतर त्यावर रक्त साकळते. रक्त थोपवून धरणारा चिमटा (क्लॅम्प) सोडल्यावर पांढरा पडलेला तुकडा हळूहळू गुलाबी होतो आणि त्याच्या कडेतून ताजे रक्त पाझरते. तो क्षण इतक्या वर्षांनीही मी श्वास रोखूनच पाहतो. हातावर उघड्या राहिलेल्या जागेत मांडीची पातळ साल लावतात. तिथे खोलगट डाग कायम राहतो आणि अंगठ्याच्या मागच्या बाजूला थोडा बधिरपणा राहू शकतो.

हा बधिरपणा कोणाला परवडेल आणि कोणाला नाही, याचा विचार आपल्या गावात विशेष करावा लागतो. विडी कामगारांच्या ‘विडी घरकुल’ वसाहतीतल्या एका बाईंची अर्धी जीभ काढायची होती. त्या रोज विड्या वळत. डाव्या हाताच्या बोटांत कापलेले पान, उजव्या हाताने जर्दा भरून वळायचे आणि टोक दुमडायचे. दोन्ही अंगठ्यांच्या अग्रांवर त्यांची रोजंदारी. हातावरची साल नीट धरली नाही तर कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) उघड्या पडतात आणि दोन-दोन महिने हात गळ्यात अडकवून बसावे लागते. अशा वेळी वैद्यकाच्या पुस्तकातली पहिली पसंती मी बाजूला ठेवतो. त्यांच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूची त्वचा घेतली. ती जाड होती, ती तिथेच पातळ करून घेतली, आणि सहा-आठ महिन्यांनी तोंडात राहिलेला जास्तीचा फुगवटा लहानशा शस्त्रक्रियेने कमी केला. मांडीची जखम सरळ शिवता येते, साल लावावी लागत नाही. बोलण्यात त्यांना हाताच्या तुकड्याने कदाचित थोडे अधिक चांगले मिळाले असते, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. निवड त्यांची होती. आपल्या वडिलांचा डावा हात मागावर कशासाठी किती लागतो, ते पुन्हा कामावर जाणार आहेत का, हे आपण शल्यचिकित्सकांना जरूर सांगावे. असे प्रश्न विचारायला त्यांना वेळ मिळतोच असे नाही.

छातीच्या स्नायूचा तुकडा हा तिसरा पर्याय. १९७९ सालापासून रुळलेल्या या पद्धतीत छातीवरची त्वचा आणि स्नायू, त्यांची मूळ रक्तवाहिनी न तोडता, गळपट्टीच्या हाडावरून मानेतून वर फिरवून आणतात. सूक्ष्मदर्शक लागत नाही, वेळ कमी लागतो, आणि हृदय किंवा फुप्फुस कमजोर असलेल्या रुग्णाला दहा तास भूल देण्यापेक्षा हे सुरक्षित असते. ही छातीची पट्टी जाड असते आणि स्वतःच्या वजनाने खाली ओढते, त्यामुळे पातळ, हलत्या अर्ध्या जिभेला ती फारशी मानवत नाही. तरी ती लावली म्हणजे आपल्या माणसावर दुय्यम उपचार झाला असे कोणी समजू नये. मधुमेह, आधी दिलेला शेक (रेडिएशन), बारीक झालेल्या रक्तवाहिन्या अशा परिस्थितीत मी ती स्वतः निवडतो. हनुवटीखालच्या त्वचेचा तुकडाही काही रुग्णांत उत्तम बसतो, पण त्या भागातल्या ग्रंथींत रोग नाही याची खात्री हवी.

संपूर्ण जीभ काढावी लागली तर चित्र वेगळे असते. तिथे पातळ त्वचेचा उपयोग नाही, मांडी किंवा पोटाचा भरीव तुकडा लागतो, आणि तो मुद्दाम थोडा मोठा ठेवतात, कारण नसेचा पुरवठा तुटलेला स्नायू महिन्यागणिक वाळतो आणि शेकाने आणखी आक्रसतो. अन्न श्वासनलिकेत उतरण्याचा धोका मोठा राहतो, काहींना पोटातली नळी दीर्घकाळ ठेवावी लागते. आपल्या वडिलांना हे लागू नाही, म्हणून इथेच थांबतो.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत नाजूक असतात. तुकडा दगावतो तो बहुधा याच काळात, जोडलेल्या वाहिनीत रक्त साकळून. परिचारिका पहिल्या दिवशी दर तासाला बॅटरी लावून तोंडात पाहतात. तुकडा निळसर, फुगलेला दिसला आणि टोचल्यावर काळे रक्त भळकन आले, तर शीर तुंबली आहे. पांढरा, थंड पडला आणि टोचूनही रक्त येत नसेल, तर धमनी बंद आहे. दोन्हींत काही तासांच्या आत परत शस्त्रक्रियागृहात नेले, तर पुष्कळ तुकडे वाचतात. म्हणून रात्री दोन वाजता ‘पुन्हा आत घ्यायचे आहे, सही करा’ असे कोणी म्हणाले, तर काहीतरी लपवले जात आहे असे समजू नये. लक्ष ठेवणारी माणसे जागी आहेत असे समजावे. अनुभवी हातांत असे शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव तुकडे जगतात. या दिवसांत श्वासासाठी गळ्याला भोक आणि अन्नासाठी नाकात नळी असते, बोलता येत नाही. पाटी किंवा वही जवळ ठेवावी. वडिलांना लिहिता येत नसेल तर पाणी, दुखते, कफ, लघवी, घरचे कोण आले आहे, अशी चित्रे एका कागदावर आधीच काढून ठेवावीत. गळ्याची नळी साधारण आठवड्याभरात निघते, तोंडातले टाके भरल्याची खात्री झाली की सात ते दहा दिवसांनी घोट द्यायला सुरुवात होते.

बोलण्याविषयी आता नीट सांगतो, कारण शस्त्रक्रियेइतकेच काम इथे आहे आणि ते बहुतेक घरी होते. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठांची आहेत, ती पहिल्या दिवसापासून चांगली येतात. क, ख, ग जिभेच्या मागच्या भागाने होतात; मागचा भाग उरला असेल तर तीही लवकर येतात. त, थ, द, न यांना टोक दातांमागे टेकावे लागते, उरलेल्या अर्ध्या टोकाने ते सरावाने जमते. स आणि श म्हणताना वारा तुकड्याच्या बाजूने निसटतो. ‘चार’मधला च आणि ‘चोर’मधला च सारखेच ऐकू येऊ लागतात. सर्वांत अवघड असतात ट, ठ, ड, ण आणि ळ, कारण त्यांसाठी टोक उचलून मागे वळवावे लागते. माझ्या एका रुग्णाला नातवाला ‘बाळा’ म्हणून हाक मारता येत नव्हती, ‘बाला’ निघत होते, आणि त्या एका अक्षरासाठी ते वाणी-उपचारतज्ज्ञांकडे चार महिने नेमाने आले. ळ पूर्ण आला नाही. पण टोकाऐवजी जिभेचा मधला भाग टाळूला टेकवून त्याच्या जवळचा एक आवाज त्यांनी बसवला, आणि नातू त्याला ओ देतो. सोलापुरात पुष्कळ घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात. तर सराव घरातल्या भाषेतच करावा; ण आणि ळ त्या भाषांतही आहेत. दिवसातून एकदा तासभर बसण्यापेक्षा दहा-दहा मिनिटे पाच-सहा वेळा करावा, आरशासमोर करावा, आणि घरच्यांनी वाक्य मध्येच पुरे करून देण्याची सवय टाळावी.

जीभ टाळूपर्यंत पोचतच नसेल तर एक साधा उपाय आहे, जो पुष्कळांना माहीतच नसतो. कृत्रिम दात बसवणारे दंतवैद्य टाळूला बसणारी एक प्लेट करतात, तिने टाळू खाली येतो. जीभ वर जाऊ शकत नाही तिथे टाळूच तिच्याकडे आणायचा. ट-ड आणि गिळणे, दोन्ही काही जणांत त्या प्लेटने एका आठवड्यात सुधारलेले मी पाहिले आहे.

जेवणाचे म्हणाल, तर सुरुवात पातळ पाण्याने करू नये; पाणी वेगाने घशात उतरते आणि ठसका लागतो. घट्टसर आंबील, ज्वारीच्या कण्यांची पेज, दाटसर वरण, मऊ खिमट यांनी करावी. घास निरोगी बाजूला ठेवावा, मान किंचित त्याच बाजूला झुकवावी, हनुवटी छातीकडे घ्यावी. श्वास रोखून गिळावे, गिळल्यावर लगेच खोकावे, पुन्हा एकदा कोरडे गिळावे आणि मगच श्वास घ्यावा. पहिल्या आठवड्यात हे शेजारी बसून मोजून करवून घ्यावे लागते, पुढे अंगवळणी पडते. आपली कडक भाकरी पुढे कधी तरी खाता येते, पण दुधात किंवा आमटीत कुस्करून, पूर्ण भिजल्यावर. शेंगाचटणीचे कण तुकड्याखाली साचतात, म्हणून ती दह्यात किंवा तेलात कालवून द्यावी आणि जेवणानंतर मीठ-सोड्याच्या पाण्याने चूळ भरावी. गरम चहा निरोगी बाजूने ओठाला लावून पाहावा. तुकड्याला सुरुवातीला काहीच जाणीव नसते, तो भाजला तरी कळत नाही, दाताखाली आला तरी कळत नाही. काही वेळा हाताची नस जिभेच्या नसेला जोडतात, आणि न जोडताही काही जणांत वर्षभरात थोडी जाणीव येते. चव उरलेल्या जिभेला आणि टाळूला कळते, वासही मदत करतो. जेवणाची गोडी अगदीच जात नाही.

तोंडातली ही त्वचा जिभेसारखी लाल दिसणार नाही. ती फिकट, ओलसर, कधी पांढरट दिसते, आणि काही पुरुषांत तिच्यावर केस येतात. घरचे घाबरतात. केस बारीक कात्रीने डॉक्टरांकडून कापून घ्यावेत. शेक दिलेला असेल तर ते बहुधा येतच नाहीत. उलट तुकड्याच्या कडेला नवी कडक गाठ, न भरणारा व्रण किंवा रक्त येणे दिसले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

शेक, म्हणजे रेडिएशन, लागेल की नाही हे काढलेल्या भागाच्या अहवालावर ठरते. लागलाच तर तो शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा, म्हणून जखम वेळेत भरणे महत्त्वाचे आहे. तो साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतो. किडलेले, हलणारे दात शेकाच्या आधीच काढावेत. नंतर काढले तर जबड्याचे हाड सडण्याची भीती असते. बरीच वर्षे गुटखा किंवा मावा खाल्लेल्यांचे तोंड आधीच कमी उघडते आणि शेकाने ते आणखी आवळते, तेव्हा रोज तोंड उघडण्याचा व्यायाम चुकवू नये. आपली तीन बोटे उभी करून दातांमध्ये जातील एवढे तोंड उघडले पाहिजे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्यांच्या खिशात तो सापडतोच, हे मी दुःखाने नोंदवतो. आपल्या वडिलांनी तंबाखू आजच बंद करावी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि तुकडा जगायचा असतो तो त्यांच्यावरच.

इथेच करावे की मुंबईला जावे, असे सगळेच विचारतात. आपल्या जिल्ह्याला कर्करोगाच्या कामाची जुनी ओळख आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी चालते. गावापेक्षा संघ पाहावा. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनी जोडणारे शल्यचिकित्सक, रात्री तुकडा तपासणारी प्रशिक्षित माणसे, आणि वाणी-गिळण्याचा उपचार देणारे तज्ज्ञ जिथे एकत्र आहेत, तिथे करावे. महिन्याला अशा किती शस्त्रक्रिया होतात हे विचारण्यात संकोच करू नये. दूरच्या नामांकित ठिकाणी दोन-अडीच महिने थांबावे लागणार असेल आणि जवळ सक्षम संघ असेल, तर मी थांबायला सांगणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय आणि नेमकी शस्त्रक्रिया बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला) रेशनकार्ड दाखवून दाखल होण्याआधीच विचारावे. मंजुरी आधी लागते.

शेवटी, शस्त्रक्रियेच्या आधीच्या या आठवड्यात एक काम करून ठेवावे. वडिलांना सगळे सांगा; ‘छोटी गाठ काढणार’ असे सांगून टेबलावर नेलेला माणूस गळ्यात नळी आणि तोंडात परका गोळा घेऊन जागा होतो, आणि पुढचा सराव करायला त्याचा विश्वास उरलेला नसतो. मग मोबाइलवर त्यांचा आवाज पाच मिनिटे भरून ठेवा. एक ते शंभर आकडे, घरातल्या सगळ्यांची नावे, वारांची नावे, मागावरच्या वस्तूंची नावे, त्यांना पाठ असलेला एखादा अभंग, जे जमेल ते. वाणी-उपचार सुरू होताना तज्ज्ञ तो आवाज ऐकून कोणती अक्षरे मूळचीच कशी होती हे ठरवतात, आणि दर महिन्याला नवा आवाज भरून त्याच्याशी ताडून पाहतात.